आतड्यातील कोंब शोधणारे यंत्र : त्याला काय दिसते, काय दिसत नाही

ऑगस्ट २०२० मध्ये ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटाचा नायक चॅडविक बोसमन गेला, तेव्हा आपल्यातील अनेक तरुणांनी त्याचा फोटो स्टेटसला ठेवला होता. पँथर हा शब्द आपल्या घरातलाच, त्यामुळे ते साहजिक होते. त्याचे वय अवघे ४३ होते. २०१६ मध्येच त्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले होते. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी सुरू असतानाही तो चित्रपट करत राहिला आणि बाहेर कुणाला कळू दिले नाही. स्टेटस चोवीस तासांत गेले. त्या आजाराबद्दल मात्र आपल्यात फारशी चर्चा झाली नाही.

अमेरिकेत काळ्या समाजात हा कर्करोग इतर बहुतेक समूहांपेक्षा सुमारे २० टक्के अधिक आढळतो आणि त्याने मरण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्के अधिक आहे. या दोन आकड्यांमधले अंतर नीट पाहावे. आजार होणे वेगळे आणि आजाराने मरणे वेगळे. मधल्या जागेत तपासणी उशिरा होणे, डॉक्टरांपर्यंत पोहोचता न येणे, उपचार अर्धवट राहणे हे सगळे येते. हे अंतर आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

आता याच आजाराच्या संदर्भात एक नवी गोष्ट कानावर येते आहे : कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, दुर्बिणीच्या तपासणीत डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेला कोंब दाखवते. भारतातही मोठ्या शहरांतील खासगी रुग्णालयांत अशी यंत्रे आली आहेत. हे यंत्र नेमके काय करते, त्याने काय साधले आणि आपल्या माणसांना त्याचा उपयोग कधी होईल, हे समजून घ्यावे म्हणून हा लेख.

कोंब म्हणजे काय

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांबीचे असते. त्याच्या आतल्या अस्तरावर कधीकधी मांसाचा छोटासा उंचवटा येतो. कधी तो अळंबीसारखा देठावर उभा असतो, कधी चपटा, अस्तराला चिकटलेला. यालाच डॉक्टर पॉलिप म्हणतात, आपण कोंब म्हणू. (मूळव्याधीचे मोड वेगळे. ते गुदद्वाराजवळच्या फुगलेल्या रक्तवाहिन्या असतात. दोघांची गल्लत इथेच सुरू होते, तिच्याकडे पुढे येऊ.) बहुतेक कोंब आयुष्यभर काही त्रास देत नाहीत. पण अडेनोमा नावाच्या प्रकारातील थोडे कोंब हळूहळू वाढत कर्करोगाकडे जातात आणि त्याला बहुधा दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो.

इतका मोठा अवधी देणारे कर्करोग फार नाहीत. कोंब असतानाच तो सापडला, तर दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून तो कापून काढता येतो. पोट उघडावे लागत नाही. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली, त्याआधी आतड्यातला कोंब काढायचा म्हणजे मोठी शस्त्रक्रिया होती.

कोलोनोस्कोपीत लवचीक नळी गुदद्वारातून आत घालून मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत नेतात आणि मग हळूहळू बाहेर काढत अस्तर पाहतात. खरी तपासणी होते ती या परतीच्या वाटेवर. ती किमान सहा मिनिटांची असावी, असा जुना दंडक आहे. तेवढ्या वेळात दीड मीटर नळीच्या प्रत्येक वळीमागे, प्रत्येक वळणावर पाहायचे. साहजिकच काही सुटते. एकाच माणसाची लागोपाठ दोनदा तपासणी करून पाहिलेले अभ्यास आहेत. त्यांत पहिल्या फेरीत साधारण चारातला एक अडेनोमा सुटतो असे दिसले. सुटणारे बहुतेक लहान असतात, पण सगळेच नाही.

डॉक्टरागणिक फरकही मोठा असतो. शंभर जणांच्या तपासणीत किती जणांमध्ये किमान एक अडेनोमा सापडला, यावर डॉक्टरांची नजर मोजतात. उत्तर कॅलिफोर्नियातील १३६ डॉक्टरांनी केलेल्या तीन लाखांहून अधिक तपासण्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुणाचे प्रमाण ७ टक्के होते, तर कुणाचे ५२. आणि हे प्रमाण एका टक्क्याने वाढले की त्या डॉक्टरांच्या रुग्णांना पुढे हा कर्करोग होण्याचा धोका ३ टक्क्यांनी कमी दिसत होता. म्हणजे कोणत्या डॉक्टरांच्या टेबलावर आपण झोपलो, यावर बरेच अवलंबून. एआयची गरज वाटली ती इथून.

यंत्र पाहते कसे

दुर्बिणीच्या टोकावरचा कॅमेरा दर सेकंदाला पंचवीस-तीस चित्रे पडद्यावर पाठवतो. तीच चित्रे एका संगणकालाही जातात. या संगणकाला आधी हजारो चित्रे दाखवलेली असतात आणि त्यातल्या प्रत्येक कोंबाभोवती अनुभवी डॉक्टरांनी चौकट आखून दिलेली असते. ‘हा कोंब’, ‘हा नाही’ असे पुन्हा पुन्हा दाखवल्यावर रंग, कडा, पोत, उंचवटा यांच्यातली सारखेपणाची खूण तो स्वतः बांधत जातो. मग तपासणी चालू असताना तसे काही दिसले, की क्षणार्धात पडद्यावर त्या जागी चौकट उमटते. काही यंत्रे आवाजही करतात. डॉक्टर थांबून पाहतात आणि ठरवतात. कापण्याचा निर्णय आणि हात दोन्ही डॉक्टरांचेच.

यंत्र थकत नाही. दिवसातल्या बाराव्या रुग्णालाही ते पहिल्यासारखेच पाहते. पण ते चकते. पाण्याचा बुडबुडा, मळाचा कण, आतड्याची वळी यांवरही चौकट उमटते. आणि कॅमेऱ्यासमोर जे आलेच नाही, ते त्याला दिसत नाही. वळीमागे लपलेला कोंब पाहायचा तर डॉक्टरांना नळी वळवून ती वळी उलगडावीच लागते. आतडे साफ नसेल, मळाचा थर असेल, तर त्याखालचे माणसालाही दिसत नाही आणि यंत्रालाही नाही. आदल्या रात्री आणि सकाळी ते बेचव जुलाबाचे औषध पूर्ण पिणे म्हणूनच महत्त्वाचे. कंटाळून अर्धे औषध मोरीत ओतणारे लोक कमी नाहीत.

पुरावा काय सांगतो

सुरुवातीचा मोठा पुरावा चीनमधून आला. सिचुआनमधील एका रुग्णालयात १,०५८ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाची तपासणी नेहमीप्रमाणे, दुसऱ्याची यंत्रासह. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अडेनोमा सापडण्याचे प्रमाण नेहमीच्या गटात २०.३ टक्के, यंत्राच्या गटात २९.१ टक्के. वाढ बहुतेक पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहान कोंबांची होती. इटलीत ६८५ रुग्णांवरच्या प्रयोगात हेच प्रमाण ४०.४ वरून ५४.८ टक्क्यांवर गेले.

पण एक शंका राहतेच. आपल्याकडे यंत्र आहे, प्रयोग चालू आहे, हे डॉक्टरांना माहीत असेल तर ते एरवीपेक्षा जास्त लक्ष देऊन पाहणार नाहीत का? वर्गात साहेब तपासणीला आले की गुरुजी जसे शिकवतात, तसे? चीनमधल्याच संशोधकांनी या शंकेवर नामी उपाय काढला. त्यांनी एक खोटे यंत्र बनवले. तेही चौकटी दाखवायचे, पण कोंबासारख्या दिसणाऱ्या भलत्याच गोष्टींवर. कोणत्या रुग्णाला खरे यंत्र आणि कोणत्याला खोटे, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना कळत नव्हते. तरीही खऱ्या यंत्राच्या गटात ३४ टक्के आणि खोट्या यंत्राच्या गटात २८ टक्के जणांमध्ये अडेनोमा सापडला. फरक पहिल्या प्रयोगापेक्षा कमी, पण उरला. आमच्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत प्रामाणिक प्रयोग. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पहिल्या यंत्राला, ‘जीआय जीनियस’ला, मान्यता दिली.

प्रयोगातून रोजच्या कामात आल्यावर चित्र बदलले. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयात यंत्रे बसवली, डॉक्टरांना वापरायला दिली आणि कुणाला काही विशेष न सांगता आधीच्या काळाशी तुलना केली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात अडेनोमा सापडण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. यंत्र तेच असले तरी माणसे ते कशी वापरतात, चौकटीकडे किती लक्ष देतात, त्यावर फळ ठरते.

त्याहून विचार करायला लावणारी बातमी ऑगस्ट २०२५ मध्ये पोलंडमधून आली. तिथल्या चार केंद्रांत २०२१ च्या अखेरीस यंत्रे आली. काही तपासण्या यंत्रासह, काही त्याशिवाय होत राहिल्या. संशोधकांनी फक्त यंत्राशिवाय झालेल्या १,४४३ तपासण्या पाहिल्या. काही यंत्रे येण्याआधीच्या, काही आल्यानंतरच्या. डॉक्टर सगळे अनुभवी, प्रत्येकाच्या नावावर दोन हजारांहून अधिक तपासण्या. यंत्र येण्याआधी त्यांचे स्वतःच्या नजरेचे प्रमाण २८.४ टक्के होते. यंत्राची सवय लागल्यावर, यंत्र बंद असताना ते २२.४ टक्क्यांवर आले.

हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नाही. त्यामुळे यंत्रामुळेच नजर मंदावली असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण सूचना गंभीर आहे. मोबाइलमध्ये नंबर साठवायला लागल्यापासून घरच्यांचे नंबर तरी आपल्याला पाठ आहेत का? फरक इतकाच की इथे विसर पडला तर तो दुसऱ्याच्या पोटात. ज्या रुग्णालयात वीज जाते, यंत्राचा करार संपतो, दुरुस्तीला महिने लागतात, तिथे या प्रश्नाला जास्त धार आहे. आणि जो नवा डॉक्टर पहिल्या दिवसापासून चौकटीच्या आधाराने शिकेल, त्याची स्वतःची नजर तयार होणार कधी, हा प्रश्न तर अजून कुणी पुरता हाताळलेला नाही.

२०२५ मध्ये तज्ज्ञांची मतेही तीन दिशांना गेली. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या तज्ज्ञगटाने हे यंत्र नेहमीच्या वापरात आणू नये, असा सौम्य सल्ला दिला. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने बाजूने वा विरोधात कोणतीच शिफारस केली नाही. युरोपच्या एंडोस्कोपी संघटनेने वापरावे, असा सौम्य कौल दिला. पुरावा सगळ्यांसमोर एकच. वाद आहे तो त्याच्या वजनाचा. जास्त सापडणारे बहुतेक कोंब बारीक आहेत आणि त्यातले बरेच कधी कर्करोगाकडे गेलेही नसते. ते काढायचे, प्रयोगशाळेत पाठवायचे, मग रुग्णाला काही वर्षांनी पुन्हा तपासणीला बोलवायचे, या सगळ्याला पैसा आणि डॉक्टरांचा वेळ लागतो. कर्करोगाने मरणारे लोक यंत्रामुळे कमी झाले, हे प्रत्यक्ष दाखवायला अजून बरीच वर्षे जावी लागतील.

आपल्याकडे प्रश्न आधीच सुरू होतो

वरचे सगळे प्रयोग ज्या देशांत झाले, तिथल्या बऱ्याच लोकांची तपासणी काहीही त्रास नसताना झालेली असते. अमेरिकेत आता वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापासून तपासणी सुचवतात. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये मळातले न दिसणारे रक्त शोधणारा संच पोस्टाने घरी येतो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी आहे. मोठ्या आतड्याची नाही. भारतात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आढळतो, म्हणून त्याला कारणही आहे. सरसकट सगळ्यांची कोलोनोस्कोपी करा, अशी मागणी आम्ही करणार नाही. त्याने गरजूंची रांग आणखी लांबेल.

पण ज्यांना होतो, त्यांचे काय? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने एका वर्षातील ८०० रुग्णांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. सरासरी वय होते ४७. निम्म्याहून अधिक रुग्णांची तक्रार एकच : शौचावाटे रक्त. म्हणजे शरीराने सांगितले होते. ऐकायला उशीर झाला.

उशीर का होतो, हे वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शौचाला रक्त पडले की पहिला शब्द येतो मूळव्याध. लोकलच्या डब्यात, एसटी स्टँडच्या मुतारीत, भिंतीवर ‘बिना ऑपरेशन मूळव्याध बरा’ असे कागद चिकटवलेले असतात. कुणी चूर्ण आणतो, कुणी मलम. दोन आठवडे रक्त थांबते आणि औषध लागू पडले असे वाटते. मूळव्याध खरोखरच फार सामान्य आहे आणि बहुतेक वेळा तोच असतो. पण तो आहे हे पाहिल्याशिवाय कळत नाही आणि मूळव्याध असलेल्या माणसाला वर आतड्यात दुसरे काही असू शकतेच. बायकांचे तर विचारूच नका. दाखवायचे कुणाला, सांगायचे कसे, यात वर्ष जाते. आजार अंगावर काढण्याची सवय ही गरिबीने लावलेली सवय आहे, तिला नुसते अज्ञान म्हणणे आम्हाला पटत नाही. एक दिवस दवाखान्यात म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली, आणि कोलोनोस्कोपीला तर सोबत माणूसही लागतो. दोघांची मजुरी गेली.

यंत्राची आणखी एक मर्यादा आपल्याकडे जास्त जाणवेल. या यंत्रांची सुरुवातीची तालीम चीन, जपान, युरोप, अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या चित्रफितींवर झाली. तीही फक्त कोंब ओळखण्यासाठी. आपल्या देशात दुर्बीण आत गेली की आतड्याचा क्षयरोग दिसतो, आमांशाचे व्रण दिसतात. त्यांच्याबद्दल हे यंत्र काही बोलत नाही. चौकट आली नाही म्हणजे सगळे ठीक, असा अर्थ कुणी काढू नये, रुग्णाने नाही आणि डॉक्टरांनी तर नाहीच. या चित्रफिती रुग्णांच्याच शरीराच्या असतात, हेही लक्षात असावे. पुढे भारतीय रुग्णालयांतल्या चित्रफितींवर यंत्रे तयार होतील. कुणाच्या शरीराची चित्रे त्यासाठी वापरली, त्याला विचारले होते का, आणि तयार झालेले यंत्र त्याच्या तालुक्यात आले का, हे विचारायला आपली तरुण मंडळी हवीत. संगणकशास्त्र आणि वैद्यकशास्त्र शिकणारी मुले-मुली आता आपल्या घराघरांत आहेत.

शिबिरात काय विचारायचे

१४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्याकडे आरोग्य शिबिरे होतात. रक्तदाब आणि साखर तपासली जाते, चष्म्याचे नंबर काढले जातात. त्याच टेबलावर तीन-चार प्रश्न वाढवायला खर्च नाही. शौचाला रक्त पडते का, किती दिवसांपासून? शौचाची जुनी सवय गेल्या काही आठवड्यांत बदलली आहे का, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ? कारण नसताना वजन उतरले का? घरात आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का? पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत हिमोग्लोबिन कमी निघाले, तर लोहाच्या गोळ्या देऊन पाठवू नये. रक्त जाते कुठे, हे शोधायला डॉक्टरांकडे पाठवावे. हे प्रश्न विचारायला बायकांसाठी वेगळा कोपरा आणि एक कार्यकर्ती हवी, एवढी व्यवस्था केली तरी बोलणे मोकळे होते.

यातल्या कुणाला ‘हो’ म्हणावे लागले, तर त्याला कागदावर लिहून द्यावे आणि शक्यतो सोबत जावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी शस्त्रक्रिया विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात दाखवावे. तिथे डॉक्टर बोटाने तपासतात. हीच तपासणी लाजेपोटी सर्वाधिक टाळली जाते आणि गुदाशयातल्या बऱ्याच गाठी तिथेच हाताला लागतात. त्याला ना वीज लागते ना यंत्र.

दुर्बिणीची तारीख मिळाली, तर जुलाबाचे औषध कसे आणि किती वाजता प्यायचे, ते मराठीत नीट समजून घ्यावे. वस्तीत पाण्याची आणि शौचालयाची अडचण असेल तर आदल्या रात्री कुणाच्या घरी थांबता येईल, हेही ठरवून ठेवावे. सार्वजनिक शौचालयासमोर रांगेत उभे राहून आतडे साफ होत नाही आणि साफ न झालेल्या आतड्यात जगातले कोणतेही यंत्र काही शोधू शकत नाही. तपासणी झाल्यावर डॉक्टरांना विचारावे : नळी टोकापर्यंत गेली का? आतडे पुरेसे साफ होते का? कोंब काढला असेल तर बायोप्सीचा अहवाल कधी मिळेल? पुन्हा तपासणी किती वर्षांनी? ही उत्तरे फाइलवर लिहून घ्यावीत.

आणि एखादे खासगी रुग्णालय ‘एआय कोलोनोस्कोपी’ म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर एकच विचारावे : तुमच्या डॉक्टरांचे अडेनोमा सापडण्याचे प्रमाण किती? ज्या ठिकाणी हा आकडा मोजून ठेवलेला आहे, तिथे यंत्र नसले तरी जावे.